“कुणी बोलतं का?” म्हटलं की कुणीच बोलत नाही

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. दुसरंच वर्ष आहे. एफ.वाय.बी.ए.ला पटावर ८६ मुलं, वर्गात येतात साठेक. मी शिकवते, ती लिहून घेतात, बेल होते. गेल्या महिन्यात एका कार्यशाळेत गटचर्चेबद्दल ऐकलं आणि उत्साहाने वर्गात घेतली. नऊ-नऊचे गट केले, फळ्यावर ‘महागाई : कारणे व उपाय’ लिहिलं, वीस मिनिटं दिली. पहिल्या बाकावरचे तिघं बोलले. बाकी सगळे मोबाइल, खिदळणं आणि एसटी कितीची आहे याच्या गप्पा. “कुणी बोलतं का?” म्हणून मी तीनदा विचारलं. शेजारच्या वर्गातले सर आवाजामुळे दारात येऊन उभे राहिले. विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, आधी पोर्शन संपवा.” मुलंही म्हणतात, “नोट्स द्या ना.” एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तास सुटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, “आमना कांदा चाळमाच सडी गया.” म्हणजे अहिराणीत, कांदा साठवायच्या चाळीतच आमचा कांदा सडून गेला. वर्गात ती कधीच तोंड उघडत नाही. चर्चा हा प्रकार आपल्या मुलांना जमणारा नाही, की मलाच जमत नाही?

— एक मॅडम, नाशिक जिल्हा

उत्तर :

मॅडम, त्या वीस मिनिटांत मुलांनी नेमकं काय करायचं होतं, ते मला तुमच्या पत्रावरून कळलं नाही. मुलांनाही कळलं नसणार. ‘महागाई : कारणे व उपाय’ हा निबंधाचा मथळा आहे. त्यावर बोलायचं म्हणजे बारावीच्या गाइडमधले सहा मुद्दे आठवायचे, आणि ते ज्यांना पाठ आहेत ते तुमच्या पहिल्या बाकावरचे तिघं. त्यांनी ते म्हणून दाखवले. उरलेल्यांनी काय भर घालायची? घरी पाहुणे आले की आपण लहान मुलाला म्हणतो, “बोल की काहीतरी,” आणि ते आईच्या पदरामागे जातं. त्या मुलाला बोलता येत नाही असं नसतं. काय बोलायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी हे सांगायला मोकळी आहे, कारण मी तुमच्यापेक्षा वाईट चर्चा घेतलेली आहे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी ‘बेरोजगारी’ हा विषय दिला होता. वक्तृत्वाच्या ढाली घरी नेणारा एक मुलगा उठला आणि बारा मिनिटं बोलला. दोन कविता, एक शेर, शेवटी ‘तरुणांनो जागे व्हा’. टाळ्या पडल्या. मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं, “आज वर्गात काय सुंदर चर्चा झाली!” सहामाहीच्या पेपरात ‘छुपी बेरोजगारी’वर, म्हणजे एकाच कामावर गरजेपेक्षा जास्त माणसं असण्यावर, पाच मार्कांचा प्रश्न होता. छुपी बेरोजगारी म्हणजे सरकारपासून लपवून ठेवलेली बेरोजगारी, असं अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं. एक जण बोलला, साठ जणांनी ऐकलं. माझं व्याख्यान त्याने घेतलं, इतकाच काय तो फरक.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मुलांना जमतं, तुम्हालाही जमेल. फक्त तोंड उघडायच्या आधी प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम असावं लागतं, आणि ते काम तुम्ही आदल्या रात्री तयार केलेलं असावं लागतं. कार्यशाळांमध्ये हे पायरी-पायरीने सांगत नाहीत. खुर्च्या गोल करा म्हणतात. तुमच्या वर्गातले बाक जमिनीत स्क्रूने ठोकलेले असतील हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

तर प्रश्नापासून सुरू करू, कारण खरं काम तिथेच आहे. त्या मुलीने तुम्हाला प्रश्न फुकट दिलेला आहे. कसमादे म्हणजे कांद्याचा मुलूख. साठातल्या चाळीस मुलांच्या घरी कांदा असेल, उरलेल्यांचे आईबाप दुसऱ्याच्या कांद्यावर मजुरीला जात असतील. फळ्यावर एवढंच लिहा :

‘गेल्या वर्षी नानांचा १०० क्विंटल कांदा २,००० रुपये भावाने गेला. यंदा सगळीकडेच पीक चांगलं, नानांचाही १५० क्विंटल झाला, पण भाव १,००० रुपये. नानांना पैसे जास्त मिळाले की कमी? का?’

हिशेब कुणालाही येतो. गेल्या वर्षी दोन लाख, यंदा दीड लाख. पीक दीडपट आणि पैसा कमी. उत्तर मुलं घरूनच घेऊन आलेली असतात, ‘का’ मात्र त्यांच्याकडे नसतं. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी भाजीत दीडपट कांदा घालत नाही. मागणी फारशी हलत नाही, म्हणून भाव धाडकन पडतो. भाव बदलला की मागणी किती हलते, ही मागणीची लवचिकता तुम्ही व्याख्येपासून शिकवलीत तर ती वहीत जाते. नानांपासून शिकवलीत तर ती त्यांच्या घरच्या हिशेबात जाते.

आता दुसरा प्रश्न, आणि हा चर्चेचा खरा. ‘यंदा भाव पडलेला पाहून नानांनी विचार केला, माल कमी केला की भाव चढतो. त्यांनी एकट्यानेच आपला अर्धा कांदा शेतात नांगरून टाकला. त्यांना पैसे (१) जास्त मिळतील, (२) कमी मिळतील, (३) तेवढेच मिळतील.’

इथे वर्ग फुटतो. पहिला प्रश्न नीट समजलेली हुशार मुलं पहिलं उत्तर देतात. कमी माल, जास्त भाव, बरोबर की नाही? पण बाजार समितीत रोज ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, तिथे नानांचे पाऊणशे क्विंटल आले काय नि न आले काय, लिलावात कुणाला पत्ता लागणार? भाव हलत नाही, नानांचं मात्र पाऊण लाखाचं नुकसान. सगळ्यांचं पीक आणि एकट्याचं पीक यांतला फरक, म्हणजे पूर्ण स्पर्धेतला विक्रेता भाव ठरवत नाही, आहे तो भाव स्वीकारतो, हा तुमच्या अभ्यासक्रमातला अख्खा घटक या एका प्रश्नात बसला आहे. आणि मागून एखादा मुलगा नक्की म्हणेल, “मॅडम, काढणीची मजुरी आणि गाडीभाडंच निघत नसेल तर नांगरलेलंच परवडतं ना?” हे मी प्रश्नात मुद्दाम लिहिलेलं नाही. तो हे म्हणाला की बदलता खर्च निघत नसेल तर उत्पादन का थांबवायचं, हा पुढचा धडा त्याने सुरू केला. त्याला थांबवू नका. तो काय म्हणाला ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढच्या तासाला तिथूनच उचला.

प्रश्न चांगला कसा ओळखायचा? माझी कसोटी साधी. दोन शहाणी मुलं प्रामाणिकपणे दोन वेगळी उत्तरं देऊ शकतील का? आणि कोण बरोबर ते पुस्तक न उघडता, विचार करून ठरेल का? ‘महागाईची कारणे’ दोन्ही ठिकाणी नापास. तिथे मतभेद होत नाही, यादी होते. एक असा प्रश्न तयार करायला मला अजूनही तासभर लागतो, चर्चा घ्यायला पंधरा मिनिटं. मेहनत कुठे आहे ते ध्यानात आलं असेल.

आता वर्गात. फळ्यावर प्रश्न लिहिला की लगेच “हं, सांगा” म्हणू नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी बाईंनी सत्तरच्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात, असं त्यांना दिसलं. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला शिकले तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय हे घड्याळ लावून बघा एकदा. वर्गासमोर उभं असताना ते जन्मभर वाटतात. तुम्ही ‘कुणी बोलतं का?’ तीनदा विचारलंत, मध्ये किती थांबलात?

तुमच्याकडे मी तीन सेकंद मागत नाही, दोन मिनिटं मागते. त्या दोन मिनिटांत सगळ्यांनी लिहायचं. वहीचं पाऊण पान फाडायला लावा, वर रोल नंबर, खाली उत्तराचा आकडा आणि ‘कारण’ म्हणून एक वाक्य. मराठीत, अहिराणीत, कसंही. शुद्धलेखन तपासणार नाही हे मोठ्याने सांगा. या चिठ्ठीवर सगळं उभं आहे. जो लिहितो त्याच्याकडे बोलायला काहीतरी असतं. निदान वाचून दाखवायला असतं. न लिहिताच चर्चेला बसवलं की पहिला जो बोलेल त्याच्यामागे सगळे मान हलवतात.

मग छातीशी हात धरून बोटांनी मत : एक, दोन की तीन. छातीशी अशासाठी, की मागच्याला पुढच्याची बोटं दिसू नयेत. हात वर करायला लावलेत तर मुलं आधी हुशार मुलीकडे बघतात आणि मग आपला हात उचलतात. हार्वर्डमध्ये एरिक माझूर भौतिकशास्त्र शिकवत. मुलं त्यांना चांगले गुण द्यायची, परीक्षेत गणितंही सोडवायची. मग त्यांनी अगदी मूलभूत कल्पनांवरची एक चाचणी दिली, तर एका विद्यार्थिनीने विचारलं की ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी जसा विचार करते तशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपलं शिकवणं बदललं. प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. त्यांचा एक आडाखा मला फार उपयोगी पडला. बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा करू नका, पुन्हा शिकवा. आंधळे आंधळ्याला रस्ता दाखवतील. सत्तरच्या वर असतील तर वेळ घालवू नका, पुढे चला. मधे असेल तेव्हाच बोलू द्या. तुमच्या साठांत म्हणजे अठरा ते बेचाळीस. मोजत बसू नका, नजरेने कळतं.

आता गट. नऊचा गट हा गट नसतो, तो घोळका असतो. रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंते होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढला असता त्याच्या निम्म्यावर आलेला होता. रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये. मागचे दोघं नुसते ओरडत असतातच. चार जणांत मागे कुणी नसतं. तुमचे बाक हलत नाहीत ना? मग पुढच्या बाकावरच्या दोघांनी नुसतं मागे वळायचं. झाला चौघांचा गट, एकही बाक न सरकवता. आधी बाकावरच्या दोघांनी एकमेकांना आपली चिठ्ठी वाचून दाखवायची, दोन मिनिटं. मग चौघांनी मिळून एक उत्तर ठरवायचं, चार मिनिटं. वेळ कमीच द्या. वीस मिनिटं दिलीत की पहिली पंधरा एसटीची.

आणि चौघांना एक ते चार नंबर द्या, बसल्या जागेवरून. चर्चा संपली की तुम्ही एक आकडा पुकारायचा : “तीन नंबर उभे राहा.” पंधरा गटांतले पंधरा तीन नंबरवाले उभे राहतात. त्यांतल्या चार-पाच जणांनी आपल्या गटाचं उत्तर आणि कारण सांगायचं. कोणता आकडा येणार हे आधी कुणालाच माहीत नसतं, म्हणून चौघंही एकमेकांना समजावून ठेवतात. पहिल्या बाकावरच्या तुमच्या तिघांचा नंबर लागेलच असं नाही. त्यांना बोलायचं असेल तर आधी शेजाऱ्याला शिकवावं लागेल. आणि उभं राहणाऱ्याने ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही, ‘आमच्या गटाला वाटतं’ म्हणायचं. चुकलं तर चौघांचं चुकतं. खेड्यातून आलेल्या मुलाला हा एक शब्द किती आधार देतो, ते बघाल तेव्हा कळेल.

कार्यशाळेत तुम्हाला भूमिका वाटायला सांगितल्या असतील : गटप्रमुख, वेळ बघणारा, टिपणं घेणारा, निरीक्षक. मला त्या आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. हातात मोबाइल असलेल्या चार मुलांत ‘वेळ बघणारा’ कशाला लागतो? आणि टिपणं घेणारी नेहमी मुलगी असते, अक्षर चांगलं म्हणून. ती लिहीत राहते, बोलत कधीच नाही. भूमिका वाटण्यापेक्षा माहिती वाटा. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांच्या उरावर बसत होती. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. इतरांचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. ज्या मुलाची टर उडवली जायची, त्याच्याकडचा तुकडाही परीक्षेला लागणार होता.

तुमच्यासाठी असा धडा तयार आहे. १९ ऑगस्ट २०२३ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मग सरकारने २,४१० रुपये क्विंटलने कांदा खरेदी करू असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद केली. तुमच्या मुलांनी हे बातमीत वाचलेलं नाही, घरात पाहिलेलं आहे. अर्ध्या अर्ध्या पानाचे चार कागद करा. एकावर शेतकऱ्याचा हिशेब : लागवड, मजुरी, चाळीतली घट. दुसऱ्यावर निर्यातदार व्यापारी : शुल्कानंतर परदेशी गिऱ्हाइकाला काय भाव पडतो. तिसऱ्यावर मुंबईतलं चौकोनी कुटुंब. चौथ्यावर सरकार : भाव चढले की काय होतं. आधी सारख्या कागदवाल्यांनी एकत्र बसून आपला कागद समजून घ्यायचा, मग आपल्या मूळ चौघांत येऊन सांगायचा. शेवटी गटाने ठरवायचं की शुल्क लावावं, कमी लावावं की लावूच नये, आणि कुणाचं किती नुकसान धरून. शेतकऱ्याच्या पोराच्या हाती मुंबईच्या कुटुंबाचा कागद द्या, मुद्दाम. झेरॉक्सचा खर्च येतो आणि दोन तास लागतात, म्हणून सत्रातून एकदाच करा. रोज करायला तुम्हीही माणूस आहात.

चर्चा कशावर घ्यायची नाही, हेही थोडं सांगते. पाण्याचा विषय घ्या. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. ‘तुम्ही नियम कसा कराल?’ म्हणून आधी मुलांना ठरवायला लावावं आणि मग नायगाव सांगावं, इतका हा सुंदर प्रश्न आहे. पण तुमच्या वर्गात वीस एकरवाल्याचा मुलगा आहे आणि त्यांच्याच शेतावर कामाला जाणाऱ्याची मुलगी आहे. “तुझं मत काय?” असं विचारलंत तर तिला वर्गात नव्हे, गावात उत्तर द्यावं लागेल. म्हणून अशा ठिकाणी पात्र द्या. ‘तू आता दहा एकरवाला, तू भूमिहीन.’ चिठ्ठ्या टाकून. आरक्षण, कर्जमाफी, गावची निवडणूक याचंही तसंच. पहिल्या सत्रात यांच्या वाटेलाच जाऊ नका. कांदा पुरेसा आहे.

मुलामुलींचे मिश्र गट लगेच करू नका, हेही माझं मत. मला प्रतिगामी म्हणा हवं तर. ज्या वर्गात मुली डावीकडे आणि मुलं उजवीकडे बसतात तिथे पहिल्याच दिवशी मिश्र गट केले की मुली लिहितात आणि मुलं सांगतात. दिवाळीपर्यंत मुलींना आपसात भांडू द्या. एकदा आवाज फुटला की मग मिसळा. भाषेचंही तेच. चौघांत अहिराणीत बोलू द्या, उभं राहिल्यावरही अहिराणीत सांगितलं तरी चालेल. तुम्हीच त्याखाली पुस्तकातला शब्द लिहा. बोलण्याला मार्क देऊ नका, नाहीतर वक्तृत्ववाले परत येतील. अंतर्गत गुण द्यायचेच तर चिठ्ठीला द्या.

आणि शेवटची दहा मिनिटं तुमची. हल्ली सांगतात की शिक्षक केवळ मार्गदर्शक, त्याने उत्तर देऊ नये. मला हे पटत नाही. पोरं पासचे पैसे भरून, तासभर एसटीत उभी राहून येतात. बरोबर काय, आणि चुकलेल्यांचं नेमकं कुठे चुकलं, हे फळ्यावर चार ओळींत लिहून द्या, लवचिकतेच्या सूत्रासकट. याच त्यांच्या नोट्स. ‘नोट्स द्या ना’ हे गाऱ्हाणं निम्मं तिथेच संपतं. उरलेलं निम्मं संपणार नाही, त्याची तयारी ठेवा. हार्वर्डमध्येच २०१९ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकदा छान व्याख्यान ऐकवलं, एकदा गटात झगडायला लावलं. व्याख्यानात जास्त कळलं, असं त्यांना वाटलं. चाचणीत मात्र गटातल्यांना जास्त येत होतं. डोकं चालवताना अडखळायला होतं आणि अडखळणं म्हणजे न कळणं, असं मुलांना वाटतं. तुमच्या मुलांना हे गोष्टीसारखं सांगा, आधीच.

राहता राहिले विभागप्रमुख. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. जूनमध्ये पुन्हा ऑर्डर निघेल की नाही याची टांगती तलवार मला माहीत आहे, म्हणून तत्त्वाची भांडणं स्टाफरूममध्ये करू नका. ‘चर्चेचा तास’ असा शब्दच वापरू नका. तास ४८ मिनिटांचा असो की साठाचा, त्यातली पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा, एवढंच करा आणि तेही पोर्शनमधल्याच घटकावर. पोर्शन मागे पडत नाही, कारण हाच पोर्शन आहे. सर फारच म्हणाले तर २०१४ची एक गोष्ट सांगता येईल. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास अमेरिकेत एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात शंभरातली सुमारे ३४ मुलं नापास होत होती, मुलांना काम देणाऱ्या वर्गात सुमारे २२. विषय वेगळे, मुलूख वेगळा, हे मलाही दिसतं. पण आकड्यापेक्षा चिठ्ठ्या चांगल्या. प्रत्येक वेळच्या साठ चिठ्ठ्या तारीख घालून फाइलला लावा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची वेळ आली की तुमचे विभागप्रमुखच ती फाइल मागायला येतील, हे मी अनुभवाने सांगते.

शेजारच्या सरांना आधी जाऊन सांगा, “आज सव्वाअकराला दहा मिनिटं आवाज होईल.” सांगून केलेल्या आवाजाचा कुणाला राग येत नाही. आणि आवाज थांबवायला ओरडू नका. तुम्ही हात वर करून उभ्या राहायचं, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. पहिल्या दोन वेळा हसतील.

पहिल्यांदा कदाचित फसेलही. बोटं कुणी नीट धरणार नाही, चिठ्ठीवर ‘कारण : माहीत नाही’ असं वीस जण लिहितील. ते वीसही ठेवून द्या. तिसऱ्या वेळेला किती होतात ते बघा.

आता त्या मुलीबद्दल. तिला नाव घेऊन उभी करू नका. तुम्हाला तिचं बोलणं ऐकू आलं होतं हेही तिला सांगू नका. नानांचा प्रश्न द्याल तेव्हा चिठ्ठ्या गोळा करून घरी न्या आणि तिची शोधा. तिने बहुधा चाळीबद्दल काहीतरी लिहिलेलं असेल : माल ठेवला तर सडतो, विकला तर भाव नाही. किती दिवस ठेवायचा हा हिशेब तिच्या घरी दरवर्षी होतो आणि तो तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ फळ्यावर जशीच्या तशी लिहा, नाव न घालता, अहिराणीत असेल तर अहिराणीत. खाली एवढंच : ‘नानांनी चाळ किती दिवस उघडू नये?’ मग खडू ठेवा आणि दोन मिनिटं गप्प राहा.